गाडी लागते? गोळी घाटात नाही, घरात घ्यायची

वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटाचं तिसरं वळण आलं, तोंडाला पाणी सुटलं, की माणूस पर्समध्ये गोळी शोधायला लागतो. तोवर उशीर झालेला असतो. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, पोटातलं पुढे आतड्यात सरकत नाही, त्यामुळे गोळी रक्तात पोचायच्या आधीच उलटून पडते. ही औषधं गाडी लागू नये म्हणून आहेत. लागल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून वेळ घाटापासून मागे मोजायची. साताऱ्याहून पाचगणीला निघालात तर वाईपर्यंतचा तासभर रस्ता बऱ्यापैकी सरळ असतो, पण वाईतूनच निघणाऱ्याला काही मिनिटांत घाट भेटतो. कराडहून चिपळूणला जाताना खरा त्रास कोयनानगरनंतर, कुंभार्ली घाटात. अ‍ॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन २५ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाने १ ते २ तास आधी घ्यायची. रात्रभराचा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना. डायमेनहायड्रिनेट ५० मिलिग्रॅमला अर्धा ते एक तास पुरतो, पण तिचा असर ४ ते ६ तासांतच उतरतो. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम तासभर आधी घेतली तर बहुतेकांचा दिवस निघतो. यातली कुठलीही एकच. दोन वेगवेगळ्या गोळ्या मिळून ‘डबल असर’ होत नाही, गुंगी मात्र दुप्पट येते.

मेडिकलमध्ये नुसतं ‘उलटीची गोळी द्या’ म्हणू नका. तसं म्हटलं की पुष्कळदा ऑन्डानसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन हातात पडतं. पोट बिघडून होणाऱ्या उलटीला ती चालतात, पण गाडी लागण्यावर त्यांची फारशी मात्रा चालत नाही. इथे घोटाळा पोटाचा नसतो. कान सांगतो आपण हलतोय, डोळे मोबाइलवर खिळलेले, आणि मेंदू गोंधळतो. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरचे हिस्टामिन या रसायनाचे संदेश अडवणारी गोळी लागते. ‘गाडी लागते, त्यासाठी’ असं स्पष्ट सांगा आणि पाकीट उलटून बारीक अक्षरातलं औषधाचं नाव व मिलिग्रॅम वाचा. गोळ्यांची पट्टी कापून सुट्या गोळ्या दिल्या असतील तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या.

मुलांच्या बाबतीत अंदाजपंचे काही नको. प्रोमेथाझिन २ वर्षांखालच्या बाळाला अजिबात द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो. तसंही इतक्या लहान बाळाला गाडी क्वचितच लागते. ५ ते १० वर्षांच्या मुलाला साधारण अर्धी गोळी, म्हणजे १२.५ मिलिग्रॅम, तीही डॉक्टरांना विचारून. अर्धी करताना मधल्या रेघेवरच मोडा. नखाने मोडलेल्या गोळीचा एक तुकडा मोठा निघतो आणि तोच नेमका धाकट्याच्या वाट्याला येतो. ५ वर्षांखाली डॉक्टरांशिवाय नाहीच.

काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, फिट्स किंवा दमा असलेल्यांनी आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधी विचारावं. वयस्करांना या गोळ्यांनी लघवी अडकते, भ्रम होतो, एसटीतून उतरताना तोल जातो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आणि खोकल्याच्या काही औषधांतही याच जातीचं औषध असतं. ते चालू असेल तर वर ही गोळी घेऊ नका. झोपेच्या गोळीबरोबरही नको आणि दारूबरोबर तर मुळीच नको.

स्टिअरिंगवर बसणाऱ्याने ही गोळी घ्यायची नाही. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागतही नाही. सकाळी गोळी घेऊन महाबळेश्वरला गेलेल्याने संध्याकाळी ‘आता मी चालवतो’ म्हणू नये, गुंगी उरलेली असू शकते.

गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर लगेच दुसरी घेऊ नका. किती औषध पोटात राहिलं ते कळत नाही. गाडी थांबवा, मोकळी हवा घ्या, पाणी घोटघोट प्या.

गोळीला जागेची जोड द्या. एसटीत मागच्या चाकामागची सीट टाळा, तिथे हेलकावा सर्वांत जास्त बसतो. पुढची खिडकी पकडा आणि नजर लांब रस्त्यावर ठेवा. उपाशी निघू नका, पण तर्रीदार मिसळ खाऊनही नको. अर्धी भाकरी किंवा दोन बिस्किटं पुरेत. आलेपाक चघळायला हरकत नाही, काहींना बरं वाटतं. पण ज्याला दर वेळी गाडी लागते त्याचं निव्वळ आलेपाकावर भागेल असं धरू नका.