शेवाळाच्या थंड वर्षावनात वावरताना

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील थंड समशीतोष्ण वर्षावन १९८८ च्या वनस्पती व प्राणी संरक्षण कायद्यान्वये संकटग्रस्त समुदाय म्हणून नोंदवलेले आहे. ऑटवे आणि स्ट्रझेलेकी डोंगरांतील ओल्या घळींत त्याचे तुकडे उरले आहेत.

वन ओळखण्यासाठी आधी पाने पाहावीत. मर्टल बीच या झाडाचे पान जेमतेम नखाएवढे, दातेरी कडांचे असते आणि त्याची कोवळी पालवी तांबूस दिसते; सॅसाफ्रस या झाडाची पाने लांबट, समोरासमोर आणि खालून पांढुरकी असतात. त्यानंतर वृक्षनेच्यांच्या (झाडासारखे खोड असलेल्या नेच्यांच्या) खोडांकडे वळावे, कारण शेवाळ आणि अर्धपारदर्शक पातळ पानांचे नेचे तेथे दाटीने वाढतात. त्यांना हात न लावता भिंगातून पाहणे उत्तम.

सर्वांत जास्त काळजी मर्टल बीचच्या सालीची घ्यावी. तिला साधा ओरखडा जरी पडला, तरी ‘मर्टल विल्ट’ या रोगाच्या बुरशीला आत शिरायला वाट मिळते. तिचे बीजाणू हवेतून व पाण्यातून पसरतात आणि रोग एकमेकांत जुळलेल्या मुळांवाटे शेजारच्या झाडालाही गाठतो. म्हणून खोडावर नाव कोरणे, फांदी मोडणे किंवा काठी टेकवणे कटाक्षाने टाळावे. वाळलेली, तपकिरी पाने तशीच लटकलेले झाड दिसल्यास त्याला स्पर्श करू नये.

वनात शिरण्यापूर्वीच बुटांच्या तळव्यांतील माती ब्रशने काढावी. चालताना लाकडी फलाटवाट सोडू नये, मग छायाचित्र कितीही मोहात पाडो. हे वन आगीला फारसे तोंड देऊ शकत नसल्याने तेथे शेकोटी मुळीच पेटवू नये.