'ऑस्ट्रसाइझ' हे क्रियापद नेमके कोठे वापरावे?

'ऑस्ट्रसाइझ' (ostracize) या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ एखाद्या व्यक्तीला तिच्याच गटाने मिळून वाळीत टाकणे. उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर येतो. स्पेलिंगमध्ये 'एस' आणि 'झेड' दोन्ही चालतात, मात्र एकाच मजकुरात एकच ठेवावे.

या क्रियापदाचे मूळ प्राचीन ग्रीसमधील अथेन्स या नगरराज्याच्या लोकशाहीत आहे. ग्रीक भाषेत 'ऑस्ट्रकॉन' म्हणजे खापरी. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात तेथील नागरिक, जो नेता डोईजड झाला असे त्यांना वाटे, त्याचे नाव फुटक्या मडक्याच्या खापरीवर कोरून मत देत. मतदान वैध ठरण्यासाठी 6000 मते लागत असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याच्या विरोधात कौल जाई, त्याला 10 दिवसांत शहर सोडावे लागे आणि 10 वर्षे परतता येत नसे. मात्र त्याची मालमत्ता व नागरिकत्व शाबूत राहत असे. आरोपपत्र नाही, बचावाचे भाषण नाही, नुसता जमावाचा कौल! अथेन्समधील ॲक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या अथेन्सच्या नेत्याच्या नावाच्या 190 खापऱ्या सापडल्या, त्याही मोजक्याच हातांनी कोरलेल्या. म्हणजे मते आधीच तयार करून वाटण्याची युक्ती तेव्हाही ठाऊक असावी.

आजच्या वापरात देश सोडावा लागत नाही, पण 'गटाचा कौल' हा गाभा टिकून आहे, म्हणून न्यायालयाने सुनावलेल्या शिक्षेसाठी हे क्रियापद योजू नये. एकट्या मैत्रिणीने बोलणे टाकले तर 'इग्नोर' पुरेसे आहे. वस्तू किंवा निवडणूक यांच्यासाठी 'बॉयकॉट' वापरावे, कारण 'ऑस्ट्रसाइझ'चे कर्म सहसा माणूस किंवा माणसांचा समूह असते. वाक्यरचना बहुधा कर्मणी असते: 'शी वॉज ऑस्ट्रसाइज्ड बाय हर कलीग्ज फॉर रिपोर्टिंग द फ्रॉड', म्हणजे अफरातफर उघड केल्याबद्दल सहकाऱ्यांनी तिला वाळीत टाकले. येथे 'बाय'नंतर वाळीत टाकणारे येतात आणि 'फॉर'नंतर कारण.

जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाचे रोटी-बेटी व्यवहार तोडले, तर इंग्रजी बातमीत हे क्रियापद चपखल बसते. कायदेशीर तक्रारीत मात्र 'सोशल बॉयकॉट' असेच लिहावे, कारण महाराष्ट्राच्या 2016च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याच्या इंग्रजी नावात तीच संज्ञा आहे.