ट्रान्सफॉर्मरमधील खनिज तेल काढून वनस्पतिजन्य एस्टर भरताना

सोयाबीन, रेपसीड किंवा सूर्यफूल यांच्या तेलापासून बनवलेल्या नैसर्गिक एस्टरचा फायर पॉइंट (द्रव पेटून जळत राहतो ते तापमान) ३०० अंश सेल्सिअसच्या वर असतो, तर खनिज तेलाचा साधारण १६० ते १७० अंशांच्या आसपास. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधील तेल बदलण्याचा विचार बहुधा याच कारणाने होतो आणि हा फायदा हातचा जातो तोही बहुधा एकाच कारणाने: जुने तेल पुरेसे निथळू दिले जात नाही. मिश्रणात खनिज तेलाचे प्रमाण साधारण ७ टक्क्यांच्या पुढे गेले की फायर पॉइंट ३०० अंशांच्या खाली येऊ लागतो.

म्हणून ट्रान्सफॉर्मर बंद करून, अर्थिंग करून आणि जुन्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी रसायन) नाही याची चाचणीने खात्री करून घेतल्यावर टाकी तळाच्या व्हॉल्व्हमधून रिकामी करावी. धार थांबली म्हणजे टाकी रिकामी झाली असे समजू नये. वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) कागदात आणि प्रेसबोर्डात (दाबून बनवलेल्या पुठ्ठ्यात) मुरलेले तेल त्यानंतरही कित्येक तास थेंबाथेंबाने खाली येत राहते. रेडिएटरचे तळ, टॅप चेंजरचा (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या स्विचचा) कप्पा आणि पाइपांची वळणे यांतून तेल वेगळे काढावे लागते. त्यानंतर गरम केलेल्या नव्या एस्टरने आतील भाग वरून खाली धुऊन काढावा आणि ते धुवण फेकून न देता वेगळे साठवावे. टाकी उघडी असतानाच गॅस्केट बदलून घ्यावीत, कारण खनिज तेलात वर्षानुवर्षे राहिलेली जुनी गॅस्केट नव्या द्रवात गळू लागण्याची शक्यता असते.

नवे एस्टर भरण्यापूर्वी त्याची बीडीव्ही (द्रवाचे विद्युतरोधन तुटते ते ब्रेकडाउन व्होल्टेज) चाचणी इलेक्ट्रोडमधील २.५ मिलिमीटर अंतरावर घ्यावी. आयईसी ६२७७० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बीडीव्ही किमान ३५ किलोव्होल्ट असावी लागते. ४० अंशांना एस्टर खनिज तेलाच्या तिपटीहून अधिक दाट असते, त्यामुळे ते गरम करून, निर्वात अवस्थेत आणि सावकाश भरावे. कागदाच्या थरांत शिरायलाही त्याला जास्त वेळ लागतो. विद्युतपुरवठा सुरू करण्याची घाई इथेच महागात पडते.

खरी अडचण हवेची आहे. असंपृक्त मेदाम्लांमुळे एस्टर ऑक्सिजनच्या सान्निध्यात घट्ट होत जाते आणि पातळ थर असेल तर चिकट, वार्निशासारखा पापुद्रा धरते. त्यामुळे साध्या सिलिका जेल ब्रीदरवर (आत येणाऱ्या हवेतील ओलावा शोषणाऱ्या डब्यावर) चालणारा, हवेला मोकळा असलेला कॉन्झर्व्हेटर (द्रव प्रसरण पावल्यावर सामावून घेणारी वरची छोटी टाकी) तसाच ठेवू नये. त्यात रबरी पिशवी बसवावी किंवा टाकी नायट्रोजनखाली बंद करावी. हे शक्य नसेल तर, माझ्या मते, हा बदल करूच नये.

नंतरच्या चाचण्यांचे आकडे जुन्या सवयीने वाचून चालत नाही. सामान्य तापमानाला खनिज तेलात जेमतेम ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६० भाग) पाणी विरघळते, एस्टरमध्ये १००० पीपीएमच्या घरात. कागदातील ओलावा ओढून घेण्याचा त्याचा गुण यातूनच येतो. म्हणून पाण्याचे प्रमाण केवळ पीपीएममध्ये न पाहता संपृक्ततेच्या टक्केवारीत पाहावे. आम्लताही खनिज तेलापेक्षा जास्तच दिसेल. विरघळलेल्या वायूंचा पहिला नमुना भरणीनंतर लगेच घेऊन ठेवावा. पुढे काही एस्टरमध्ये दोष नसतानाही इथेन वायूचे प्रमाण वाढलेले आढळते, तेव्हा तुलनेला तोच उपयोगी पडतो. निदानासाठी ड्युवल त्रिकोणाची (वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखण्याच्या आलेखाची) एस्टरसाठी केलेली आवृत्ती वापरावी आणि मुख्य म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या नेमपट्टीवर नव्या द्रवाचे नाव व भरणीची तारीख ठळक लिहावी, म्हणजे कमी पडलेले तेल भरायला येणारा पुढचा कर्मचारी त्यात खनिज तेल ओतणार नाही.