मूल बोलू लागताना घरात होणाऱ्या या चुका टाळा

मुलाने पेल्याकडे बोट दाखवताच पेला त्याच्या हाती ठेवणे, ही घरोघरी प्रेमापोटी होणारी चूक आहे; कारण न मागताच सारे मिळत असेल, तर शब्द काढण्याची गरजच उरत नाही. पेला हातात धरून, मुलाच्या डोळ्यांत पाहत "पाणी हवंय?" असे विचारावे आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजत थांबावे. मोठ्यांना हा वेळ फार लांब वाटतो, परंतु ऐकलेले उमजून शब्द ओठांवर आणायला दीड वर्षाच्या मुलाला तो लागतो. नुसते ‘पा’ उमटले तरी पाणी द्यावे. पूर्ण शब्दासाठी अडवून धरल्यास मूल बोलण्याऐवजी रडू लागते.

"मी करलं" म्हणणाऱ्या मुलाला "करलं नाही, केलं म्हण" असे टोकणेही टाळावे. ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून त्याने स्वतःच नियम शोधून तो ‘कर’ला लावलेला असतो, तेव्हा ही चूक खरे तर कौतुकाची. "हो, तू केलंस, एकट्यानं केलंस!" असे सहज उत्तर दिले की योग्य रूप दोनदा कानावर पडते. ‘गाडी’चे ‘दादी’ होणेही या वयात स्वाभाविक आहे, मात्र मोठ्यांनी स्वतः ‘दादी’ म्हणू नये; लाडिक सूर उपयोगी पडतो, बिघडवलेला शब्द नाही.

पाहुण्यांसमोर "हे काय? ते काय?" अशी परीक्षा घेतली की बोलके मूलही गप्प होते.

पडद्यावरची गाणी ऐकून मूल भाषा शिकेल, हा समज सोडावा, कारण पडदा मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 2 वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये आणि त्यानंतर 4 वर्षांपर्यंत ती दिवसाला 1 तासाहून अधिक नसावी. घरात दोन भाषा असल्याने मात्र बोलणे लांबत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरावेत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे "त्याचा बाबाही उशिराच बोलला" असे म्हणत थांबून राहणे. वर्षाचे मूल बोट दाखवत नसेल, 2 वर्षांचे मूल ‘आई ये’ अशी दोन शब्दांची जोडणी करत नसेल किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात हरवू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी. दाराच्या आवाजाला मूल दचकते म्हणून त्याला नीट ऐकू येते असे ठरत नाही, कारण कानाच्या पडद्यामागे द्रव साचला असल्यास मोठे आवाज पोहोचतात, पण ‘स’, ‘फ’ यांसारखे हलके ध्वनी निसटतात.