मिड-सेंच्युरी मॉडर्न घर सजवायचंय? सुरुवात जमिनीपासून करा

मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक खुर्ची येते. वाकवलेल्या प्लायवूडची, काळ्या चामड्याची, ऐसपैस रेलून बसायची. चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याची ती १९५६ सालची लाउंज चेअर. खुर्ची देखणी आहे, वाद नाही. पण नुसती ती आणून ठेवली म्हणून घराचा नूर बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत आणि डेन्मार्कसारख्या उत्तर युरोपातल्या देशांत ही शैली बहरली. मोठ्या खिडक्या, मोकळी जागा, बुटकं आणि सडपातळ फर्निचर हा तिचा गाभा. म्हणून माझं सांगणं एवढंच की खरेदीची यादी नंतर करा, आधी खोलीतली जमीन दिसू द्या.

आधी काढा, मग आणा

दारात उभं राहून समोरच्या भिंतीपर्यंत नजर टाका. मधे काय काय आडवं येतं? खालपर्यंत झालर असलेला सोफा, जमिनीला टेकलेली पेटीवजा कपाटं, जड पडदे. यातलं जे हलवता येईल ते दुसऱ्या खोलीत न्या आणि चार-पाच दिवस तसंच राहून बघा. ज्याची आठवणही झाली नाही, ते परत आणू नका. खिडकीला जाड पडद्याऐवजी साधा, उजेड आत येऊ देणारा पडदा पुरतो.

पाय बदला

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. या शैलीतल्या फर्निचरचे पाय वरून जाड, खाली निमुळते आणि बहुतेकदा थोडे बाहेर कललेले असतात. सोफा उलटा करून सध्याचे पाय कसे बसवलेत ते पाहा. पुष्कळ सोफ्यांचे पाय बोल्टवर फिरवून बसवलेले असतात आणि हाताने निघतात. नवे घ्यायला जाताना जुना पाय सोबत न्या, कारण बोल्टची जाडी जुळली नाही तर सगळं अडतं. तिरके पाय हवे असतील तर त्यांच्यासाठी कोन दिलेली धातूची पट्टी मिळते, ती तळाच्या लाकडी चौकटीला स्क्रूने बसवायची. नुसत्या पातळ प्लायवर ती टिकत नाही. सोफा लांब असेल तर मधोमध एक जादा पाय द्या, नाहीतर काही दिवसांत चौकट झोल खाते.

पायांची उंची साधारण १५ सेंमी चांगली दिसते, पण त्यामुळे बैठक जमिनीपासून ४५ सेंमीच्या वर जात असेल तर आखूड पाय घ्या. उंच बैठक या शैलीचा सगळा डौल घालवते. समोरचं टेबल बैठकीच्या उंचीला किंवा बोट-दोन बोटं खाली असावं.

एक तरी वस्तू बिनपायांची

सगळंच पायांवर उभं केलं की खोलीत काड्यांचं रान माजतं. ईरो सारिनेन या वास्तुकाराला नेमका हाच त्रास होता. टेबल-खुर्च्यांखालचा पायांचा गुंता त्याला नको होता, म्हणून १९५० च्या दशकात त्याने एकाच दांड्यावर उभी राहणारी गोल टेबलं आणि ट्यूलिप खुर्च्या केल्या. जेवणाचं टेबल असं एकखांबी गोल घ्या, भोवतीच्या खुर्च्या चार पायांच्या असल्या तरी चालतात.

लाकूड ओळखायला शिका

साग, अक्रोड, शिसव, ओक, यातलं कुठलंही चालेल. मात्र खोलीत एका लाकडाचा रंग ठळक ठेवा आणि बाकीचे मागे राहू द्या. जुनं कपाट विकत घेत असाल तर ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत अडकवून सांधा केलेला दिसला तर काम जपून केलेलं आहे. फक्त स्टेपलच्या पिना दिसल्या तर भाव पाडून मागा. वरचा थर व्हेनीअरचा, म्हणजे चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचा असला म्हणून नाक मुरडू नका, त्या काळातल्या उत्तम वस्तूंवरही तो आहे. फक्त पॉलिश पेपर बेताने वापरा. बऱ्याचदा तो थर एक मिलिमीटरही जाड नसतो, आणि एकदा आतलं लाकूड उघडं पडलं की उपाय नाही.

रंग

भिंती पांढऱ्या किंवा पांढुरक्या. मोरपंखी, शेवाळी, विटकरी, मोहरी-पिवळा यांतले दोनच निवडा आणि ते उशा, गालिचा, एखादी खुर्ची यांवर आणा. चारही रंग एकत्र आले की घर नाटकाच्या नेपथ्यासारखं दिसतं.

दिवे खाली आणा

छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनने १९५८ साली पीएच ५ हा लटकता दिवा केला; त्यातल्या एकाखाली एक तबकड्या अशा बेतल्या आहेत की बल्ब थेट डोळ्यांत येत नाही. अमेरिकेतल्या इसामू नोगुचीने १९५१ पासून जपानी कागद आणि बांबूचे ‘आकारी’ नावाचे दिवे केले. अस्सल दिवा परवडत नसेल तर साधा गोल कागदी दिवाही काम भागवतो. टेबलावर टांगताना दिव्याचा तळ टेबलापासून ७५ ते ८५ सेंमी वर ठेवा. बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या. पांढऱ्याफटक उजेडात सागाचा रंगही मेल्यासारखा दिसतो. सोफ्याशेजारी एक उभा दिवा, बुटक्या कपाटावर एक छोटा, एवढं पुरे.

भिंतीवर सूर्यकिरणांसारख्या काड्यांचं घड्याळ लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. लावा, पण मग त्या भिंतीवर दुसरं काही नको.

टीव्हीचं काय?

लांब, बुटकं, पायांवरचं कपाट त्यासाठी उत्तम. अडचण एकच: खाली मोकळं असल्यामुळे लोंबणाऱ्या वायरी लगेच नजरेत येतात. कपाटाच्या पाठीला वायरीचा प्लग जाईल एवढं भोक पाडून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड आतच ठेवा आणि बाहेर जाणारी एकमेव वायर मागच्या पायाला क्लिपने बांधा. आत सेट-टॉप बॉक्स ठेवणार असाल तर पाठीला वरच्या बाजूलाही एक भोक हवं, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल.