तियात्रातल्या गायकाचं चरित्र लिहायचंय? कांतारापासून सुरुवात करा

तियात्र म्हणजे गोव्याचं कोकणी संगीत नाटक आणि कांतार म्हणजे त्यात म्हटलं जाणारं गाणं. गायकाच्या घरी गेल्यावर जन्मतारीख विचारू नका. "बाब, एखादं जुनं कांतार म्हणाल?" असं विचारा. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या गावांतून मी वही घेऊन अशी बरीच बसले आहे. सालं विचारली की माणसं अडखळतात, आणि कांतार मात्र यमकांसकट, चालीसकट ओठांवर येतं. शिवाय आपल्याला हवं असलेलं साल बहुतेकदा त्या कांतारातच असतं.

तियात्राला सहा-सात पडदे, म्हणजे अंक, असतात. दोन पडद्यांच्या मध्ये गायक येऊन जी कांतारं म्हणतो, त्यांचा कथेशी संबंध असावा लागत नाही. महागाई, निवडणूक, गावातला घोटाळा, आखातातली नोकरी, जे चाललं असेल ते तिथे गायलं जातं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी एम. बॉयर, अल्फ्रेड रोझ यांच्यासारख्या तियात्र-गायकांनी गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याविरुद्ध गायलेलं लोक अजून सांगतात. आपल्या गायकाच्या कांतारात असा संदर्भ सापडला, तर कारकिर्दीतला एक खुंटा पक्का झाला. गोव्याची मुक्ती १९६१ ची, कोकणी राजभाषा आणि घटकराज्य १९८७ चं. हे टप्पे वहीत आधीच लिहून ठेवा.

एक सावधगिरी मात्र हवी. गाजलेलं कांतार पुढे वर्षानुवर्षं म्हटलं जातं आणि त्यात कडवी बदलतात. शिट्ट्या वाजल्या, टाळ्या थांबेनात, की गायक परत येऊन राखून ठेवलेलं कडवं म्हणतो, आणि ते अनेकदा नंतर रचलेलं असतं. म्हणून प्रत्येक कडव्यापाशी विचारा, हे पहिल्यापासूनचं की मागाहून जोडलेलं? कांतारातल्या घटनेवरून एवढंच ठरतं की ते कडवं त्याआधीचं नाही.

नावं दोन्ही लिहा. रंगमंचावरचं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव वेगळं असणं इथे नेहमीचंच: एम. बॉयर म्हणजे मान्युएल सांतान आगियार. चर्चच्या नोंदी शोधायच्या तर दुसरं नाव लागतं, हँडबिलं शोधायची तर पहिलं.

मग मुंबई. ती वगळून जुन्या पिढीचं चरित्र लिहिताच येत नाही. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच, न्यू अल्फ्रेड थिएटरात झाला. गोव्याहून आलेला मुलगा धोबी तलावाच्या बाजूला आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिघरात, उतरायचा, दिवसा मिळेल ते काम करायचा, जहाजावर जागा मिळाली की तारवटी, म्हणजे खलाशी, व्हायचा. कोणत्या कुडीत राहिलात, शेजारच्या खाटेवर कोण होतं, हे विचाराच. पहिली संधी कुणी दिली ते बहुधा त्याच उत्तरात निघतं. मधली काही वर्षं रिकामी दिसली, तर गाणं सोडलं असं गृहीत धरू नका. जहाजाच्या नोकरीचं पुस्तक मागा.

गायिकेचं चरित्र असेल तर लग्नाआधीची आणि नंतरची वर्षं वेगळी मांडा. १९०४ मध्ये रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या, तोवर बायकांच्या भूमिका पुरुष करत. त्यानंतरही घरच्यांची परवानगी कुणी काढली, रात्रीच्या प्रयोगाला सोबत कोण जायचं, मुलांना कुणी सांभाळलं, यावर त्यांची कारकीर्द ठरली. हे प्रश्न मला सर्वांत मोलाचे वाटतात, आणि चरित्रांतून तेच गाळले जातात.

कागदपत्रं शेवटी पाहा: हँडबिलं, रोमी (रोमन) लिपीतल्या वह्या, ७८ आरपीएमच्या तबकड्या. तबकडीच्या लेबलावरचा क्रमांक उतरवून घ्या. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळा. वहीतलं कांतार देवनागरीत उतरवताना मूळ रोमी पानाचा फोटो सोबत ठेवा. उच्चाराबद्दल शंका आली तर तो लागतो.

मसुदा झाला की गायकाला वाचून दाखवा, कोकणीतून. घरातली माणसं जवळ असू देत. नवरा चुकला की बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त करते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं.