जुन्या मालवाहू वॅगनमध्ये बदल करायची पद्धत: पेटंट एक्झामिनेशनला कसं सामोरं जायचं

वॅगन वर्कशॉपमधल्या आणि फॅब्रिकेशनवाल्या लोकांकडे आयडिया भरपूर असतात, पण पेटंटचा अर्ज केला की पहिला एक्झामिनेशन रिपोर्ट येतो, म्हणजे एफईआर, आणि त्यात लिहिलेलं असतं की हे तर या कामातल्या कुणालाही सुचलं असतं. बरेच जण तिथेच सोडून देतात. तसं होऊ नये म्हणून लिहितोय. नव्या वॅगनचं पेटंट आणि जुनी वॅगन बदलण्याच्या पद्धतीचं पेटंट हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि दुसऱ्यात सगळा जोर एकाच जागी लावायचा असतो: कामाचा क्रम, आणि तो क्रम तसाच का.

उदाहरण घेऊन बोलू. समजा जुनी बॉक्सएन आहे, कोळशाची उघडी वॅगन, वरची बॉडी गंजलेली पण अंडरफ्रेम (खालचा सांगाडा) आणि कॅसनब बोगी (चाकं बसवलेल्या फ्रेम) अजून चांगल्या, आणि तुम्हाला तिची स्टीलच्या कॉइल नेणारी वॅगन करायचीय. साइड वॉल कापून खाली आणायच्या, मध्ये कॉइल बसायला क्रेडल लावायचे. आता तुम्ही क्लेममध्ये, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागता त्या भागात, एवढंच लिहिलं की वॅगन घेणे, साइड वॉल कापणे, क्रेडल वेल्ड करणे, तर ते टिकणार नाही, कारण कॉइल नेणारी बीएफएनएस वॅगन रेल्वेकडे आधीच आहे आणि कापणं-जोडणं प्रत्येक शॉपमध्ये रोज चालतं. एक्झामिनर दोन्ही एकत्र ठेवतो आणि म्हणतो यात इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारं असं काही, कुठे आहे. त्याचं म्हणणं बरोबरच असतं.

पण शॉप फ्लोअरवर काय होतं ते आठवा. उघड्या वॅगनची साइड वॉल नुसता माल अडवायला नसते, सेंटर सिल आणि सोल बार (अंडरफ्रेमचे मधले आणि कडेचे लांब बीम) यांच्या जोडीने ती सुद्धा भार घेते. तीच आधी कापून टाकली की अंडरफ्रेम मध्ये खाली बसायला लागते, वर वेल्डिंगच्या उष्णतेने आणखी ओढली जाते, आणि मग क्रेडल एका लेव्हलला येत नाहीत. म्हणून समजा तुमच्या पद्धतीत आधी बोल्स्टरखाली (बोगीवर टेकणाऱ्या आडव्या बीमखाली) टेकू द्यायचे, मधोमध जॅक लावून अंडरफ्रेमला वरच्या बाजूला ठराविक कॅम्बर (हलका बाक) द्यायचा, मग सेंटर सिलला रीइन्फोर्समेंट प्लेट तुकड्यातुकड्याने वेल्ड करायची, ती पूर्ण गार झाल्यावरच साइड वॉलला कटर लावायचा आणि क्रेडल सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर किती मिलिमीटर बिघडतं हे तुम्ही मोजून दाखवू शकता. शोध आहे तो हा. क्रेडल हा शोध नाही, कॉइल वॅगन तर नाहीच नाही.

त्यामुळे क्लेममध्ये "त्यानंतर", "गार झाल्यावर", "जॅकचा आधार काढण्याआधी" असे शब्द असलेच पाहिजेत, नाहीतर क्रम तुमच्या डोक्यात राहतो आणि कागदावर नुसती कामांची यादी उरते. कॅम्बर किती, प्लेटची जाडी किती, टप्पे किती, या सगळ्याच्या रेंज मुख्य क्लेमवर अवलंबून असलेल्या खालच्या क्लेममध्ये टाका आणि वर्णनात त्यांची कारणं द्या. पद्धतीबरोबर त्या कामाचं जिग किंवा कन्व्हर्जन किट हे पण क्लेम करता येतं, फक्त दोन्ही एकाच कल्पनेने बांधलेले हवेत, नाहीतर पेटंट कायद्याच्या कलम १०(५) खाली युनिटीचा (एका अर्जात एकच शोध हवा असा) ऑब्जेक्शन येतो. फोटो चालत नाहीत, लाइन ड्रॉइंग लागतं, आणि प्रत्येक टप्प्याचं वेगळं ड्रॉइंग दिलंत तर पुढे हिअरिंगला (सुनावणीला) फार उपयोग होतो.

आता सर्च, म्हणजे असं आधी कुणी केलंय का ते शोधणं. हे काम आळस न करता करा, प्लीज. इनपास (भारतीय) आणि एस्पासनेट (युरोपीय) या पेटंट डेटाबेसवर शब्द टाकून फारसं हाती लागत नाही, कारण बाहेरचे लोक वॅगनला रेलकार, फ्रेट कार, गोंडोला असं काहीही म्हणतात, त्यामुळे क्लासिफिकेशनने (विषयवार कोडने) शोधा: बी६१डी ३ म्हणजे मालवाहू वॅगन, बी६१डी ५ टँक वॅगन, बी६१डी ७ हॉपर, बी६१डी १७ बॉडीच्या बांधणीचे तपशील, बी६१एफ मध्ये अंडरफ्रेम आणि बोगी, आणि जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणायच्या पद्धती बी२३पी ६ मध्ये. हा शेवटचा गट लोक विसरतात आणि एक्झामिनर नेमका तिथूनच कागद काढतो.

पेटंट डेटाबेसच्या बाहेर पण बघायचं. आरडीएसओची (रेल्वेच्या डिझाइन आणि संशोधन संस्थेची) स्पेसिफिकेशन आणि ड्रॉइंग, वॅगन मेंटेनन्स मॅन्युअल, जुन्या टेंडरला जोडलेले कागद, हे लोकांसमोर आलेले असतील तर सगळे प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून माहीत असलेलं. आणि एनएमजी, म्हणजे मोटारगाड्या नेणारे बंद डबे, तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. वय झालेले आयसीएफचे (चेन्नईच्या कोच फॅक्टरीच्या बनावटीचे) प्रवासी डबे घेऊन खिडक्या-दारं बंद केली, टोकाला नवे दरवाजे बसवले, फ्लोअर मजबूत केला आणि त्यातून मोटारगाड्या न्यायला लागले, चिंचवडहून असे रेक भरून जातात. म्हणजे जुनं रोलिंग स्टॉक दुसऱ्या कामाला लावणं ही कल्पनाच आता कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही, तुम्हाला त्याच्या पुढचं काहीतरी सांगावं लागणार.

एफईआरमध्ये जी कलमं हमखास येतात ती अशी. २(१)(जेए) म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेप: टेक्निकल ॲडव्हान्स किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि शिवाय जाणकार माणसाला सहज सुचणारं नको. नुसतं "खर्च वाचतो" म्हणून भागत नाही. कलम ३ मध्ये शोध न मानल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत, त्यातलं ३(एफ) म्हणजे माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी मांडलीत आणि प्रत्येक जण आपापलं काम स्वतंत्रपणे करतोय. याला उत्तर एकच, टप्पे एकमेकांवर अवलंबून आहेत हे दाखवायचं: कॅम्बर नसेल तर प्लेटचा उपयोग नाही, प्लेट नसेल तर कटिंग धोक्याचं. कलम ३(डी) लोकांना फक्त औषधांचं वाटतं पण माहीत असलेल्या प्रोसेसचा नुसता वापर हे पण त्यातच आहे, तेव्हा आपली प्रोसेस मुळात माहीत असलेली नाही हे आधी मांडा.

उत्तर लिहिताना प्रत्येक सायटेशन (एक्झामिनरने पुढे केलेला जुना कागद) स्वतः वाचा, नुसता सारांश नको. त्यातली वॅगन कोणती, तिची साइड वॉल भार घेते का, तिथे कटिंग आधी आहे की नंतर, हे सगळं समोरासमोर ठेवा. आणि मोजमापं द्या. एका वॅगनवर उलट्या क्रमाने आणि दुसरीवर तुमच्या क्रमाने काम करून घेतलेली रीडिंग्ज चार पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त पटतात.

पण इथे एक अडचण आहे. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करताना मूळ अर्जात नसलेलं काही आत घालता येत नाही आणि क्लेम रुंद पण करता येत नाही, फक्त अरुंद. म्हणजे क्रमाचं कारण पहिल्या दिवशी लिहिलेलं नसेल तर एफईआर आल्यावर ते क्लेममध्ये आणायची वाट बंद. घाई असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, तिथून १२ महिन्यांत कम्प्लीट (पूर्ण) वर्णन द्यायचं, आणि त्या मधल्या काळात शॉपमध्ये रीडिंग्ज गोळा करा.

ट्रायलचं काय, हा प्रश्न नेहमी असतो कारण वॅगन काही खोलीत लपवून तपासता येत नाही. कायद्यात त्याची सोय आहे. शोधाची तपासणी करायला सरकारला किंवा सरकारने नेमलेल्याला माहिती दिली तर तेवढ्याने नावीन्य जात नाही, हे कलम ३०. आणि वाजवी चाचणीसाठीच, चारचौघांत करणं गरजेचं होतं म्हणून केलं, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षापर्यंत कलम ३२ सांभाळून घेतं. तरी माझं स्पष्ट मत आहे की आधी अर्ज टाका मग रेल्वेकडे जा. ट्रायल होती की धंद्याचा वापर यावर वाद झाला की सिद्ध तुम्हालाच करावं लागतं, आणि परदेशात पेटंट हवं असेल तर आपली ही कलमं तिकडे कामाची नाहीत.

तारखा पटकन सांगतो. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, लवकर हवा तर फॉर्म ९. एक्झामिनेशन आपोआप होत नाही, फॉर्म १८ द्यावा लागतो, १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना प्रायॉरिटी (पहिल्या अर्जाच्या) तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत, आधी ४८ होते त्यामुळे जुन्या सवयीने बसू नका. ऑनलाइन फी एकट्या माणसाला, स्टार्टअपला, छोट्या उद्योगाला ४,००० रुपये, मोठ्या कंपनीला २०,०००. स्टार्टअप, छोटे उद्योग आणि महिला अर्जदार यांना फॉर्म १८ए ने लवकर एक्झामिनेशन मागता येतं. एफईआरला उत्तर ६ महिन्यांत, ती मुदत संपायच्या आत फॉर्म ४ दिला तर आणखी ३ महिने. महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात, पण हिअरिंग व्हिडिओवर होतं त्यामुळे अँटॉप हिलला फेऱ्या माराव्या लागत नाहीत. हिअरिंगनंतर लेखी म्हणणं १५ दिवसांत.

हिअरिंगला इन्व्हेंटरला सोबत बसवा. ज्याने जॅक लावलाय तो माणूस दोन वाक्यांत सांगतो की कटर आधी लावला तर काय होतं.

आणि पेटंट मिळाल्यावर गिऱ्हाईक कोण, तर बहुतेक वेळा रेल्वेच. कलम ४७ प्रमाणे सरकार स्वतःच्या वापरापुरती पेटंट असलेली पद्धत वापरू शकतं, कलम १०० मध्ये सरकारी वापराचं आणि मोबदल्याचं वेगळं प्रकरण आहे, आणि ही दोन कलमं एकत्र कशी वाचायची यावर गारवेअर वॉल रोप्स आणि कोकण रेल्वेचा ठेकेदार यांच्यातला वाद मुंबई हायकोर्टापर्यंत गेला होता. तेव्हा रॉयल्टी, आणि काम ठेकेदार करणार असेल तर ती कोण देणार, हे वर्क ऑर्डरच्या आधी लेखी ठरवून घ्या. रिन्यूअल फी तिसऱ्या वर्षापासून लागते, ग्रँट उशिरा झाली तर मागची साठलेली फी ग्रँटची नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत भरायची.